ग्रामपंचायत निवडणुकीला कोर्टात आव्हान द्यायचंय? पंधरा दिवसांत काय काय करायचं

डिसेंबर 2022 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत माझ्या वहिनींचा उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला. कारण एका ओळीत लिहिलेलं होतं: ग्रामपंचायतीची थकबाकी. ज्या बिलाची ती थकबाकी, ते बिल आमच्या घरी कधी आलंच नव्हतं. पुढे हे कोर्टात सिद्ध झालं आणि त्या जागेची निवडणूक रद्द झाली. पण सुरुवातीचे दिवस आम्ही चुकीच्या दारांत उभं राहून घालवले, आणि मुदत संपायला एक दिवस उरला असताना योग्य कोर्टात पोहोचलो. तो एक दिवस हुकला असता तर आमच्या खऱ्या कागदांना कुणी हातही लावला नसता.

म्हणून हे लिहितोय. हे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुरतंच आहे, म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमापुरतं. नगरपरिषद, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांचे कायदे वेगळे आहेत. नगरपरिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या कायद्यांत निवडणूक अर्जाची मुदत 10 दिवसांचीच आहे, आणि कोर्टही वेगळं. गावचा नियम शहराला लावू नका.

1. आधी दार ठरवा

गावात निवडणुकीचा वाद झाला की लोक सगळ्यांना निवेदन देतात: तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, निवडणूक आयोग. आम्हीही दिलं. पोच घेतली, शिक्के मारून घेतले आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळालं. पण निवेदनाने मुदत थांबत नाही. निकाल जाहीर झाल्यावर निवडणूक रद्द करण्याचा अधिकार यांच्यापैकी कुणालाच नसतो.

तुमचा वाद यांपैकी कशात बसतो ते पाहा.

निवडणूकच चुकीची झाली, म्हणजे अर्ज चुकीचा फेटाळला किंवा चुकीचा स्वीकारला, मतमोजणीत घोळ झाला, भ्रष्ट मार्ग वापरला गेला, तर कलम 15. अर्ज करायचा तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तिथे कनिष्ठ स्तर न्यायालय नसेल तर वरिष्ठ स्तराकडे. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाच्या निवडणुकीसाठीही हाच रस्ता धरला जातो.

निवडून आलेला सदस्य कलम 14 खाली अपात्र आहे, म्हणजे अतिक्रमण, तिसरं अपत्य, थकबाकी, ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध असं काही असेल, तर कलम 16. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. अपात्रता निवडणुकीच्या दिवशी असलेली चालते आणि नंतर ओढवलेलीही चालते. इथे पंधरा दिवसांची अट नाही, आणि त्या आदेशाविरुद्धचं अपील विभागीय आयुक्तांकडे चालतं. एक लक्षात ठेवा, कलम 16 मध्ये समोरच्याचं पद जातं, पण हरलेला उमेदवार आपोआप सदस्य होत नाही.

उपसरपंचाची निवड सदस्यांतून होते. त्या निवडीच्या वैधतेचा वाद कलम 33(5) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तोही 15 दिवसांत.

हायकोर्टाचं काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. अर्ज बाद झाला त्याच रात्री आम्हीही मुंबईची तयारी केली होती. संविधानाचा अनुच्छेद 243-ओ आणि आपल्या कायद्याचं कलम 15 अ या दोन्हींचा रोख एकच आहे: पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर कायद्याने सांगितलेल्या निवडणूक अर्जातूनच. यामागचं तत्त्व 1952 पासूनचं आहे. मद्रास राज्यातल्या नामक्कल इथल्या पोन्नुस्वामी खटल्यात विधानसभेचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘निवडणूक’ म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतचा सगळा प्रवास म्हणजे निवडणूक, आणि ती मध्ये अडवायची नाही. तक्रार निकालानंतर मांडायची. पुढे 2000 साली त्याच न्यायालयाने एवढी वाट मोकळी ठेवली की निवडणूक सुरळीत पार पडायला मदत होत असेल तर न्यायालय दखल घेऊ शकतं, पण ती रोखायला नाही. बाद झालेला अर्ज मतदानाआधी हायकोर्टातून जिवंत करून आणू, या आशेवर दिवस आणि पैसा घालवू नका.

2. कॅलेंडर भिंतीवरून उतरवा आणि दिवस मोजा

कलम 15 ची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवस आहे. राजपत्राची वाट पाहू नका, नक्कल मिळाली त्या तारखेपासून मोजू नका, अर्ज बाद झाला त्या दिवसापासूनही नाही.

आमचं उदाहरण घ्या. छाननी 5 डिसेंबरला, मतदान 18 ला, निकाल 20 डिसेंबर 2022 ला. निकालाचा दिवस सोडला की पंधरावा दिवस येतो 4 जानेवारी. कागदावर हे भरपूर वाटतं. पण मध्ये नाताळची सुट्टी आली, वकील गावी गेले, तहसील कार्यालयात निवडणुकीचा शीण काढणं चालू होतं. 30 डिसेंबरच्या शुक्रवारी एका ओळखीच्या निवृत्त कोर्ट लिपिकांनी आमचं कॅलेंडर खाली उतरवलं, एकेका तारखेवर बोट ठेवत मोजलं आणि म्हणाले, “बुधवारनंतर तुमचा अर्ज नुसता कागद आहे.” शनिवार-रविवारी टायपिंग केलं आणि मंगळवारी, 3 तारखेला दाखल केलं.

उशीर माफ करून मिळेल अशा भरवशावर राहू नका. निवडणूक कायद्यातल्या मुदती न्यायालयं फार कडक वाचतात, कारण निवडणूक लढवण्याचा किंवा तिला आव्हान देण्याचा हक्क जन्मजात नाही, तो कायद्याने दिलेला आहे. कायद्याने दिला तेवढाच आणि दिला तसाच. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्यावर पहिल्या दिवशी दाखल करता येतं, पण तो वाद स्वतःवर ओढवून घेण्याची गरज नाही. माझा सल्ला: दहाव्या दिवसापर्यंत दाखल करून मोकळे व्हा.

3. छाननीच्या टेबलाशी जे बोलाल ते कागदावर आणा

पुढे कोर्टात जे चालतं त्याचं अर्धं बी छाननीत पेरलेलं असतं. निवडणूक निर्णय अधिकारी तिथे संक्षिप्त चौकशी करतात. वहिनींवर हरकत आली तेव्हा आम्ही तोंडी म्हणत राहिलो, “साहेब, बिलच आलं नाही.” ते कुठेही नोंदलं गेलं नाही. असं करू नका. हरकत आली की साध्या कागदावर उत्तर लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. हरकत घेणाऱ्याचा लेखी अर्ज मागा. आणि अर्ज बाद झाला तर कारणांसह आदेशाची प्रत त्याच दिवशी लेखी मागा. कारण नोंदवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

छाननीला जाताना सोबत ठेवा: ग्रामपंचायतीच्या करपावत्या, थकबाकी नसल्याचा दाखला, मतदार यादीतलं तुमचं पान, शौचालय वापराचा दाखला, राखीव जागा असेल तर जातीचं प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र किंवा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच. जन्म 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतरचा असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा.

छाननी ते निकाल हे दिवस वाया घालवू नका. अर्ज दाखल करता येत नसला तरी कागद गोळा करता येतात. आम्हाला पंधरा दिवस मिळाले होते, ते आम्ही संतापात घालवले.

4. कोर्टासाठी लागणारे कागद

- छाननीचा आदेश आणि वैध उमेदवारांची यादी, प्रमाणित प्रत
- तुमचा आणि विजयी उमेदवाराचा नामनिर्देशन अर्ज, घोषणापत्रासह
- निकालपत्रक, प्रभागनिहाय आणि केंद्रनिहाय मतं
- प्रभागाची अंतिम मतदार यादी
- लेखी हरकती, तुमची उत्तरं, पोच
- वादाच्या कारणाचे मूळ कागद (पुढच्या पायरीत पाहा)
- वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, कोर्ट फीचे स्टॅम्प, आणि जेवढे प्रतिवादी तेवढ्या जास्तीच्या प्रती

प्रमाणित प्रती वेळेत मिळाल्या नाहीत तर थांबू नका. मागणी अर्जाची पोच जोडून अर्ज दाखल करा आणि मूळ अभिलेख मागवून घेण्याची विनंती कोर्टाला करा. त्याच दिवशी दुसरा छोटा अर्ज द्या: या प्रभागाचे निवडणूक कागद आणि मतदान यंत्रं खटला संपेपर्यंत जपून ठेवावीत. ठराविक काळाने हे साहित्य मोकळं केलं जातं, मग पुरावा कुठून आणणार?

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

5. तुमचं कारण कोर्टात टिकेल का ते पारखा

*थकबाकी.* कर भरला नाही म्हणजे लगेच अपात्र, असं नाही. मागणी झाली, बिल त्या व्यक्तीला बजावलं गेलं, आणि तिथून तीन महिन्यांत भरलं नाही, तर अपात्रता येते. त्यामुळे सगळा खेळ बिल पोहोचल्याच्या पुराव्यावर आहे. ग्रामपंचायतीतून नमुना 8 (कर आकारणी), नमुना 9 (कर मागणी नोंदवही), नमुना 9क (मागणीचं बिल) आणि नमुना 10 (पावती) यांच्या प्रती घ्या. आमच्या खटल्यात नमुना 9क चं पुस्तक कोर्टात आलं. पिवळट पडलेलं, कोपरे दुमडलेलं. शेजारच्या घरांच्या स्थळप्रतींवर (बिलाच्या, पुस्तकातच राहणाऱ्या प्रतींवर) कुणाची सही, कुणाचा अंगठा होता. आमच्या घर क्रमांकासमोर रक्कम होती, तारीख होती, आणि सहीची जागा कोरी. वकिलांनी ते पान साक्षीदारासमोर धरलं आणि विचारलं, “बिल कुणाच्या हातात दिलं?” उत्तर आलं नाही. दोन वर्षांचा खटला त्या कोऱ्या जागेवर फिरला.

*अतिक्रमण.* कलम 14(1)(ज-3). इथे कायदा कसा वाचायचा हे सर्वोच्च न्यायालयानेच बदललं आहे. आधी एका निर्णयात म्हटलं होतं की ज्याने स्वतः अतिक्रमण केलं तोच अपात्र. सप्टेंबर 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते वाचन नाकारलं: सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरतो. पण म्हणून नुसता आरोप पुरे होत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला याच मुद्द्यावर काढून टाकणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही बाईला, इतक्या सहज पदावरून काढण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. दोन्ही निर्णय एकत्र वाचा. मोजणीचा नकाशा, गट क्रमांक, नमुना 8 चा उतारा, ती जागा सरकारी असल्याची नोंद आणि सदस्य तिथे राहतो याचा पुरावा, हे सगळं असेल तरच पुढे जा.

*दोनपेक्षा जास्त अपत्यं.* कट-ऑफ तारीख 12 सप्टेंबर 2001. त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनाच्या वर गेली तर अपात्रता. हरियाणातली अशीच अट सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये वैध ठरवली, त्यामुळे अटीलाच आव्हान देण्यात अर्थ नाही. भांडण पुराव्याचं असतं: जन्मनोंद, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, अंगणवाडीची नोंद. नावात थोडा फरक असला तरी खटला अडतो, म्हणून आई-वडिलांची नावं जुळतात का ते आधी बघा.

*जातवैधता.* राखीव जागेवर निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड मागच्या तारखेपासून रद्द समजली जाते. ही मुदत पूर्वी 6 महिने होती, पुढे ती 12 महिने केली. मुदत पाळणं बंधनकारकच आहे असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तेच उचलून धरलं. “समितीने उशीर केला, माझा काय दोष?” हे ऐकून वाईट वाटतं, पण मुदत उलटल्यावर ते सांगून उपयोग होत नाही. मुदत शिल्लक असतानाच समितीकडे पाठपुरावा करा, आणि दावा नाकारला गेला तर तातडीने हायकोर्टात जा. तिथे वेळेत मिळालेला अंतरिम आदेश पद वाचवू शकतो, हे 2020 च्या एका मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे.

*मतमोजणी.* तीन मतांनी हरलो, म्हणून पुन्हा मोजा, हे कोर्ट ऐकत नाही. कुठल्या टेबलावर, कितव्या फेरीत, किती मतांचा फरक, तेव्हा लेखी हरकत घेतली होती का, हे सांगावं लागतं. मताची गुप्तता मोलाची आहे, म्हणून फेरमोजणीचा आदेश सहज निघत नाही.

6. अर्ज लिहिताना

अर्जदार म्हणून स्वतःला फक्त ‘उमेदवार’ लिहू नका. अर्ज बाद झाला तर तुम्ही उमेदवार होता की नाही यावरच वाद घालतात. ‘त्या प्रभागातील मतदार’ हेही लिहा. कलम 15 मतदारालाही हक्क देतं.

विजयी उमेदवार प्रतिवादी हवाच. त्या जागेसाठी लढलेल्या बाकीच्यांनाही घ्या. एखादा आवश्यक पक्ष राहिला आणि मुदत गेली, तर अर्ज तिथेच कोसळू शकतो.

घटना तारीख, वेळ, जागा आणि माणसासह लिहा. “पैसे वाटले” हे वाक्य कोर्टात टिकत नाही. कुणी, कुणाला, कधी, कुठे, किती, हे लिहा. भ्रष्ट मार्गाचा आरोप जवळपास फौजदारी आरोपासारखा काटेकोरपणे सिद्ध करावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की पुरावा नसेल तर तो परिच्छेद काढून टाका. एका खोट्या आरोपाने बाकीचे खरे मुद्देही उणे पडतात. मोबाईलवरचं चित्रण द्यायचं असेल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ मोबाईल विकू नका.

शेवटी मागणी नीट लिहा: निवडणूक रद्द करा, की फेरमोजणी करून मला निवडून आल्याचं जाहीर करा. अर्ज चुकीचा फेटाळला असेल तर फक्त पहिली मागणी शक्य आहे, कारण तुम्हाला मतंच पडलेली नसतात.

7. तारखांच्या काळात

समन्स बजावलं गेलं का ते बेलीफाकडे स्वतः जाऊन विचारा. आमचे पहिले चार महिने प्रतिवादी ‘घरी मिळून आले नाहीत’ या शेऱ्यात गेले. नंतर प्रतिवादीचं लेखी म्हणणं येतं, वादाचे मुद्दे काढले जातात, मग साक्षीदाराचा सरतपास (त्याच्याच बाजूने) आणि उलटतपास (समोरच्या वकिलाकडून). प्रत्येक तारखेला जा आणि रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, वाचा. वहिनी एकही तारीख चुकल्या नाहीत, कापूस वेचणीच्या दिवसांतही नाही.

गावात समेटाचा दबाव येईल. तो तुमचा निर्णय, पण हे दोघांमधलं भांडण नसून गावाच्या निवडणुकीचा प्रश्न आहे असं कायदा मानतो. संगनमत नाही अशी न्यायाधीशांची खात्री झाल्याशिवाय अर्ज मागे घेता येत नाही.

आणि या धावपळीत खर्चाचा हिशेब विसरू नका. निकालापासून 30 दिवसांत निवडणूक खर्च सादर करायचा असतो, हरलेल्यानेही आणि बिनविरोध आलेल्यानेही. राहिला तर कलम 14 ब खाली 5 वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. आमच्याच गावातल्या एका तरुणाचं असं झालं. कोर्टात तो जिंकू शकला असता, पण पुढची निवडणूकच लढवता येईना.

8. निकाल लागल्यावर

कलम 15 खालचा न्यायाधीशांचा निर्णय अंतिम असतो, त्यावर नेहमीसारखं अपील नाही. हरलेला पक्ष अनुच्छेद 227 खाली हायकोर्टात जातो. तिथे पुरावा नव्याने तपासला जात नाही, खालच्या कोर्टाने अधिकार ओलांडला का, उघड चूक केली का, एवढंच पाहतात. तुमच्या बाजूने निकाल लागला तर समोरचा स्थगिती आणायला धावणार हे धरून चाला, आणि तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश निघू नये म्हणून हायकोर्टात कॅव्हेट दाखल करा.

निकालाची प्रमाणित प्रत घेऊन स्वतः तहसील कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ग्रामपंचायत शाखेत द्या, पोच घ्या. आदेश आपोआप तिथे पोहोचतो आणि जागा रिक्त दाखवली जाते, असं समजू नका. आमचा निकाल मार्च 2025 मध्ये लागला. प्रत आम्ही तिसऱ्या दिवशी दिली, तरी रिक्त जागेच्या यादीत आमचा प्रभाग यावा म्हणून आणखी दोनदा जावं लागलं. तिसऱ्या खेपेला वहिनींनी लिपिकाकडून यादी मागून घेतली, प्रभागाच्या नावाखाली पेन्सिलने रेघ ओढली, आणि मग पोचेवर सही केली.